परगावी उपचाराला निघण्याआधी फाइल समजून घ्या

परंडा-भूमकडचा पेशंट बार्शीला जातो, तुळजापूरचा सोलापूरला, कळंबचा लातूर नाहीतर अंबाजोगाईला. उमरगा-लोहाऱ्याकडचे लोक सोलापूरला जातात किंवा हायवे धरून थेट हैदराबाद गाठतात. धाराशिवला २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे बऱ्याच गोष्टी आता जिल्ह्यातच होतात. तरी कॅन्सर, मेंदू, किडनी किंवा हृदयाचं मोठं ऑपरेशन म्हटलं की पिशवी भरून परमुलखात जावं लागतंच. त्या पिशवीत एक फाइल असते. फाइल सगळी इंग्रजीत, दुखणं सगळं मराठीत, आणि समोरचे डॉक्टर कदाचित केरळचे, बंगालचे नाहीतर तेलंगणाचे. ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला येणारी मिनिटं मोजकी. त्या मिनिटांत फाइलचा अर्थही विचारायचा, आपलं दुखणंही सांगायचं आणि पुढचं काय तेही ठरवायचं, हे कुणालाच जमत नाही.

म्हणून फाइल गावातच समजून घ्यावी. ज्या डॉक्टरांनी ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ असं सांगितलं, त्यांच्याकडेच निघण्याच्या आदल्या दिवशी फाइल घेऊन परत जा आणि सरळ विचारा: आजार नक्की झालाय की संशय आहे? कोणत्या तपासणीवरून तसं वाटतं? तिथे गेल्यावर काय करतील असा तुमचा अंदाज आहे? आठ दिवस उशीर झाला तर चालेल का? उत्तरं तिथेच बसून मराठीत एका वहीत लिहून घ्या. घरातल्या एकाच माणसाकडे ही वही द्या आणि प्रत्येक खेपेला तोच माणूस बरोबर पाठवा. एका खेपेला मुलगा, दुसऱ्या खेपेला जावई, तिसऱ्याला पुतण्या असं झालं की मागच्या वेळी डॉक्टर काय बोलले हे कुणालाच धड ठाऊक नसतं.

फाइल उघडली की पहिली भीती बसते ती आजाराच्या नावाच्या आगेमागे असलेल्या बारीक खुणांमुळे. रोगाच्या नावाआधी प्रश्नचिन्ह असेल तर तो फक्त संशय असतो. ‘आर-ओ’ लिहून पुढे एखादा रोग लिहिलेला असेल, तर ‘हा रोग नाही ना, याची खात्री करा’ एवढाच त्याचा अर्थ. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मात्र पुढचा शब्द मोबाइलवर शोधतो, तिथे कॅन्सर दिसतो आणि संध्याकाळपर्यंत भावकी गोळा होते. ‘एस-ओ’ म्हणजे ‘अमुक रोगाकडे बोट दाखवणारं’. तेही शिक्कामोर्तब नव्हे. ‘के-सी-ओ’ म्हणजे जो आजार आधीपासून ठाऊक आहे तो, उदाहरणार्थ जुना डायबिटीस. ‘एच-ओ’ म्हणजे पूर्वी होऊन गेलेलं. ‘एनएडी’ म्हणजे तपासणीत काही वावगं सापडलं नाही. ‘अनरिमार्केबल’ असा मोठा शब्द दिसला तरी घाबरू नका, ‘सांगण्यासारखं काही नाही’ असं रेडिओलॉजिस्ट म्हणतो आहे. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये शेवटी ‘इम्प्रेशन’ म्हणून दोन-चार ओळी असतात. खरा निष्कर्ष तिथे असतो. वरची दोन पानं डॉक्टरांसाठी असतात.

‘कॉक्स’ हा शब्द दिसला तर तो टीबी. रॉबर्ट कॉक यांनी १८८२ मध्ये टीबीचा जंतू शोधून काढला, त्यांच्या नावावरून डॉक्टर मंडळी असं लिहितात. ‘ओल्ड कॉक्स’ म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या टीबीचा छातीत राहिलेला डाग. टीबी आजही चालू आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ‘क्रॉनिक’ म्हणजे भयंकर नव्हे, तर बरेच दिवस चाललेलं. ‘अक्यूट’ म्हणजे अचानक आलेलं. ‘बिनाईन’ म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कॅन्सरची. ‘लीजन’, ‘मास’, ‘नोड्यूल’ हे शब्द फक्त ‘इथे काहीतरी वेगळं दिसतंय’ एवढंच सांगतात. ते काय आहे, हे सुईची तपासणी किंवा बायोप्सी झाल्यावर कळतं.

आकड्यांनी होणारे घोळ याहून वाईट. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स ४’ असं लिहिलेलं असतं आणि घरात ‘चौथी स्टेज’ म्हणून रडारड सुरू होते. बायरॅड्सचा आकडा म्हणजे स्टेज नव्हे. चित्र पाहून किती संशय येतो, हे तो आकडा सांगतो. १ आणि २ म्हणजे काळजी नाही, ३ म्हणजे काही महिन्यांनी परत बघू, ४ म्हणजे बायोप्सी करून घ्या, ५ म्हणजे संशय दाट आहे, आणि ० म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो हवेत. चार असलेल्या कित्येक बायकांच्या बायोप्सीत कॅन्सर निघत नाही. पण बायोप्सी मात्र लगेच करून घ्यायची. तसंच ‘ग्रेड’ आणि ‘स्टेज’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाठीतल्या पेशी किती बिघडलेल्या आहेत हे ग्रेड सांगतं; आजार शरीरात कुठवर गेलाय हे स्टेज सांगतं. टी, एन आणि एम अशी तीन अक्षरं आकड्यांसह असतील, तर टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे आसपासच्या लसिका ग्रंथी आणि एम म्हणजे लांबच्या अवयवांत पसरणं. ‘एम ०’ असेल तर लांब पसरल्याचं आढळलेलं नाही.

हृदयाच्या टू-डी इकोमध्ये ‘ईएफ ६० टक्के’ असं येतं आणि ‘चाळीस टक्के हार्ट गेलं’ अशी बातमी पाहुण्यांत पसरते. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर फेकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच फेकतं. म्हणजे ६० हा चांगला आकडा. ३५ असेल तर मात्र खरंच विषय गंभीर आहे. अँजिओग्राफीच्या कागदावर ‘पीटीसीए’ म्हणजे अँजिओप्लास्टी, ‘सीएबीजी’ म्हणजे बायपास. ब्लॉकेज किती टक्के हे विचाराच, पण कोणत्या रक्तवाहिनीत आहे आणि नुसत्या गोळ्यांवर का भागणार नाही, हेही विचारा.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण ज्या तपासण्यांच्या रिपोर्टवर तो येतो, त्यांतल्या एकीसाठी धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी फार मोठं काम करून ठेवलं आहे. बार्शीला १९८७ पासून कॅन्सर रुग्णांची नोंदवही ठेवली जाते. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली नोंदवही, आणि तिच्यात बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम हे तालुकेही येतात. पुढे १९९९ च्या सुमारास बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी आपल्या जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. प्रश्न असा होता की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळेत शोधायला कोणती तपासणी उपयोगी: व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं, पॅप स्मिअर करायचं की एचपीव्ही विषाणूची तपासणी करायची? २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तर अशी खास तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. आज जागतिक आरोग्य संघटनाही या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते.

तुळजापूर-कळंबच्या शेतमजूर बायकांनी दिलेल्या नमुन्यांवर जगाला उत्तर मिळालं. त्यांच्या लेकी-सुनांनी आता त्याच तपासणीचा रिपोर्ट हातात आल्यावर अंधारात राहू नये. ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर नव्हे; विषाणू सापडला, आता पुढची तपासणी करायची, एवढाच अर्थ. ‘सीआयएन’ लिहून पुढे १, २ किंवा ३ असेल तर ते कॅन्सर होण्याच्या आधीचे बदल आहेत आणि त्यांवर उपचार होतात. उलट बायोप्सीच्या कागदावर ‘मॅलिग्नन्सीसाठी पॉझिटिव्ह’ असं असेल तर तो कॅन्सर आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ आलं तर हार्मोनच्या गोळ्यांचा उपचार उपलब्ध होतो, म्हणजे ही एका अर्थी चांगली बातमी. ऑपरेशननंतर ‘मार्जिन निगेटिव्ह’ म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही. हीसुद्धा चांगली बातमी. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो, असं समजू नका. ‘कशासाठी पॉझिटिव्ह?’ हा एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

आता आपल्या तोंडच्या शब्दांकडे येऊ. डॉक्टरांची भाषा आपल्याला कळत नाही तशी आपली त्यांना कळत नाही, आणि त्यातूनही चुका होतात. ‘झटका आला होता’ म्हटलं तर हृदयाचा, अर्धांगवायूचा की फिटचा? काय झालं तेच सांगा: छातीत दुखलं, की एका बाजूचा हात-पाय गळाला, की अंग ताठ होऊन तोंडाला फेस आला. ‘पित्त झालंय’ म्हणजे आपल्याकडे छातीत जळजळही असते, उलटीही असते आणि अंगावर उठलेल्या गांधीही असतात. मुंबई-हैदराबादच्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे मात्र पित्ताशय येईल. त्यातही छातीत दुखून घाम फुटला असेल, डावा हात किंवा जबडा भरून आला असेल, तर ‘पित्त’ हा शब्द उच्चारूच नका. हार्ट अटॅक त्याच शब्दाखाली लपतो. ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे धाप लागते, धडधडतं, मळमळतं की भीती वाटते, हे घरीच ठरवून ठेवा. ‘चक्कर’ म्हणजे घर फिरल्यासारखं वाटतं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तेही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. ‘अंगावरून जातं’ हे सांगायला लाज वाटते, बरोबर आलेला मुलगा किंवा दीर समोर उभा असतो, आणि डॉक्टर हिंदीत विचारतात. पेशंट मान हलवून गप्प बसते. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर परत रक्त जाऊ लागलं, किंवा संबंधांनंतर रक्त दिसलं, तर ही लपवण्याची बाब नाही. कॅन्सर लवकर सापडण्याची ती संधी असते. घरातली एखादी बाई बरोबर न्या, किंवा हे सगळं आधीच चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या. शेवटच्या पाळीची तारीखही त्यात लिहा, ती हमखास विचारतात.

तंबाखूचंही तसंच. ‘तंबाकू खाती हो?’ असं विचारलं की आपली म्हातारी ‘नाही’ म्हणते, कारण ती तंबाखू खात नाही, मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. दिवसातून किती वेळा लावता, किती वर्षं लावता, ते सांगा. गावात घेतलेली इंजेक्शनं, सलाइन, गुडघेदुखीच्या पुड्या, वैदूचं औषध, सगळं सांगा. पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं, आणि ते ठाऊक नसताना भूल दिली किंवा ती पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

परतताना हातात पडणाऱ्या औषधांच्या चिठ्ठीवर ‘१-०-१’ असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘ओडी’ दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना. ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. दुखण्याच्या गोळ्यांपुढे बहुधा हेच लिहिलेलं असतं आणि आपण त्या महिनाभर रोज घेत राहतो. ‘एनबीएम’ असेल तर तोंडाने काहीही घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. नुसतं उपाशीपोटी या, असं म्हटलं असेल तर पाणी चालेल का, ते विचारून घ्या. औषधांचं कंपनीचं नाव गावोगाव बदलतं, म्हणून मूळ औषधाचं नाव वहीत उतरवा. सोलापुरात मिळालेली गोळी उमरग्यात त्याच नावाने मिळेलच असं नाही.

कागद सांभाळण्याबद्दल दोन गोष्टी. आजकालच्या बऱ्याच प्लेट आणि ईसीजीच्या पट्ट्या उष्णतेने उमटणाऱ्या फिल्मवर आणि कागदावर असतात. एप्रिल-मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर त्या तापल्या की काळवंडतात, आणि ईसीजी तर काही महिन्यांत आपोआप पुसट होतो. ईसीजीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा, प्लेटबरोबर सीडीही मागून घ्या. बायोप्सी झालेली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. परळच्या टाटासारख्या ठिकाणी ‘ब्लॉक आणि स्लाइड’ मागतात. ब्लॉक म्हणजे मेणात घट्ट बसवलेला गाठीचा तुकडा, स्लाइड म्हणजे त्याचे काचेवरचे पातळ काप. जिथे बायोप्सी झाली त्या लॅबकडून ते सही करून घ्यायचे. हे माहीत नसलं की परळहून परत सोलापूर आणि सोलापूरहून परत परळ अशी एक फेरी पडते आणि उपचाराचे दिवस वाया जातात. जुने कागद दवाखान्याकडून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते मिळाले पाहिजेत.

सही करण्याआधी दोन कागद नीट समजून घ्या. एक संमतीपत्र. तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. काय करणार, न केल्यास काय, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, हे तुम्हाला कळणाऱ्या भाषेत सांगून मगच सही घ्यायची असते. दुसरा कागद ‘डामा’ किंवा ‘लामा’चा. पेशंटला डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध हलवतो आहोत, असं त्यात लिहून घेतात. डॉक्टरांनीच पुढे पाठवलं असेल तर तो कागद लागत नाही, रेफरलचं पत्र लागतं. घाईत ‘डामा’वर सही झाली की पुढे विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. म्हणून विचारा: हे रेफर आहे की डामा?

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार होणार असतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. ‘प्री-ऑथ’ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी. ‘क्वेरी आली’ म्हणजे केस नामंजूर झाली असं नव्हे, एखादा कागद किंवा खुलासा मागितला आहे. हैदराबादला निघण्यापूर्वी कोणतं कार्ड तिथे चालेल हे इथेच विचारून घ्या. टाटात नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट असं विचारतात, खर्चाचं सगळं गणित त्या एका उत्तरावर बदलतं. राहण्याची सोय नसेल तर तिथल्या समाजसेवा विभागात जा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा पेशंटांसाठीच आहेत. दवाखान्याबाहेर ‘मी समजावून सांगतो, मी नंबर लावतो’ म्हणत जवळ येणाऱ्यांच्या हातात फाइल देऊ नका. मोबाइलवरच्या भाषांतराने वाक्याचा अंदाज येतो, पण डॉक्टरांच्या आद्याक्षरांचा त्याला पत्ता लागेलच असं नाही. त्यापेक्षा डॉक्टरांची परवानगी घेऊन गावाकडच्या डॉक्टरांना फोन लावा, ते दोघं आपसांत दोन मिनिटांत बोलतात.

ज्यांची मुलं इंग्लंडात आहेत आणि आई-वडील तिकडे जाऊन तपासून घेतात, त्यांच्यासाठी एवढंच: तिकडे साखर वेगळ्या मापात लिहितात. आपल्याकडची १२६ तिकडे ७ असते, तेव्हा ७ बघून साखर उतरली असं समजून गोळी बंद करू नका. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणा. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही एकच समजा, नाहीतर नकळत दुप्पट डोस पोटात जातो.

गावात हे समजावून सांगणारं माणूस नसतं असं नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं आणि त्यांनी आपल्या आयाबायांशी आपल्याच बोलीत दुखण्याचं बोलून दाखवलं. आशाताई, आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांना फाइल दाखवायला संकोच करू नका. आणि जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही एक विनंती: पेशंटला पुढे पाठवताना रेफरलच्या पत्राखाली मराठीत चार ओळी लिहा. काय संशय आहे, काय सिद्ध झालंय, तिथे काय करतील आणि कोणतं औषध बंद करायचं नाही. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनीही ही सवय आत्तापासून लावून घ्यावी.